सोफ्यावरून दिसत नाही हो, सर्नीसाहेब!

मार्क सर्नी यांस,


१० सप्टेंबर २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ प्रोची ओळख करून द्यायला तुम्ही कॅमेऱ्यासमोर आलात, जेमतेम नऊ मिनिटं बोललात आणि बोलण्याच्या ओघात एक मोठी गोष्ट सांगून गेलात. पीएस५वरच्या बऱ्याच गेममध्ये दोन पर्याय असतात. एकात चित्र होईल तितकं देखणं दिसतं, दुसऱ्यात चित्राला थोडी कात्री लावून सेकंदाला दुप्पट फ्रेम मिळतात. निवड खेळणाऱ्यावर सोडली की साधारण चारपैकी तीन वेळा दुसराच पर्याय घेतला जातो, असं तुम्ही म्हणालात.

यातून तुम्ही काढलेला अर्थ असा की बिचाऱ्या लोकांना मन मारावं लागतंय, तेव्हा दोन्ही एकदम देणारं यंत्र बनवू या. मला मात्र यात मतमोजणी दिसते. देखणं चित्र आणि चपळ खेळ असे दोन उमेदवार तुम्ही उभे केलेत, मत द्यायला एक पैसा लागत नव्हता, आणि चित्राचं डिपॉझिट जप्त होता होता राहिलं. मग त्याच मतदारांकडे जाऊन त्याच उमेदवारासाठी ७०० डॉलर मागायचे, हे धाडस तुम्हीच करू जाणता.

हे पत्र रागावून लिहिलेलं नाही. पीएस२पासून सोनीच्या यंत्रांवर माझे अंगठे झिजलेत आणि त्यातल्या दोन यंत्रांचा सांगाडा तुम्ही आखलेला आहे, हे मला ठाऊक आहे. पण नवं यंत्र आलं की 'ग्राफिक्स बघ, ग्राफिक्स!' एवढ्या एका आरोळीवर खिशात हात घालायचा हा रिवाज आता तपासून बघायला हवा, आणि तो तपासायचा तर दारात तुमच्याच यायला हवं.

माझा भाचा आठवीत आहे. घरात आला की पाय धुवायच्या आधी कंट्रोलर हातात घेतो. एखादा गेम मी हौसेने देखण्या चित्रावर लावून ठेवलेला असला की त्याला तो चालायला लागताक्षणी कळतं. "मामा, हे तीसवर का ठेवलंयस? डोकं दुखतं ना!" असं म्हणत तो सेटिंगमध्ये शिरतो आणि परफॉर्मन्स मोडवर टाकतो. डबक्यातलं प्रतिबिंब गेलं, लांबच्या झाडांची पानं पुसट झाली, याची त्याला खबरही नसते. पोरगा चूक नाही. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एकेक चित्र पडद्यावर ३३ मिलिसेकंद थांबतं, ६० फ्रेमला सतराच्या आत. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल उमटेपर्यंतचा वेळ त्याने कमी होतो, आणि तो फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो. चित्राच्या बारकाव्यांचं तसं होत नाही. ते शोधावे लागतात.

शोधावे लागतात हे तुम्हालाही माहीत असणार, कारण त्या नऊ मिनिटांत ते तुम्ही आम्हाला शोधून दाखवलेत. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट'मधली ती मिरवणूक आठवा. पुढे नायक, मध्ये कागदी फुलोरा, आणि पार मागे प्रेक्षकांची गर्दी. तुम्ही चित्र थांबवलंत, गर्दीपाशी नेऊन मोठं केलंत आणि म्हणालात, बघा, इथे पूर्वी धूसर होतं, आता स्पष्ट आहे. होतं खरंच स्पष्ट. पण मिरवणुकांच्या बाबतीत पुणेकराला शिकवायला जाऊ नये. लक्ष्मी रोडवर उभा राहून समोरच्या ढोलपथकाऐवजी पार टोकाच्या माणसाची मिशी न्याहाळणारा इसम मी अजून पाहिलेला नाही. खेळताना माझा नायक उड्या मारत पळत असतो, मागून कोणी गोळ्या झाडत असतं, आणि मागच्या गर्दीच्या चेहऱ्यांकडे बघायला मला उसंत नसते. जो फरक दाखवायला चित्र थांबवावं लागतं आणि मोठं करावं लागतं, तो खेळातला फरक नव्हे. पुढच्या यंत्राच्या वेळी एवढंच करा: झूम न करता, न थांबवता, खेळ चालू असताना दाखवा. दिसलं तर आम्ही आपणहून विचारू की केवढ्याला.

आता थोडं गणित, कारण या विषयावर सगळे डोळ्यांच्या शपथा घेतात आणि मोजपट्टी कोणी घेत नाही. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो, हे नेत्रतज्ज्ञांचं जुनं प्रमाण आहे. डॉक्टरांच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यावरच बेतलेला असतो. आमच्याकडे मध्यमवर्गीय घरात आज सर्रास दिसणारा टीव्ही ४३ इंची. त्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. तेवढ्या रुंदीत फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले तर एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा होतो, आणि साडेपाच फुटांपलीकडे गेलं की शेजारशेजारचे दोन ठिपके वेगळे ओळखू येत नाहीत. त्याच पडद्यावर फोरकेचे ३८४० ठिपके बसवले तर ते वेगळे दिसायला तीन फुटांच्या आत नाक न्यावं लागतं. ५५ इंची टीव्ही घेतलात तरी फुल एचडीची मर्यादा सात फुटांवर संपते. डोंबिवलीच्या वन बीएचकेत सोफा ते टीव्ही अंतर सात फूट नसतं असं म्हणू नका. खोली लहान असली तरी टीव्ही एका भिंतीला आणि सोफा समोरच्या भिंतीला, मधून जाण्या-येण्याची वाट, हा आमचा पक्का वास्तुनियम आहे.

हे प्रमाण काही काळ्या दगडावरची रेघ नाही. हलत्या चित्रात कडा थरथरतात, तारांच्या कुंपणावर झिलमिल उठते, ती लांबूनही टोचते, आणि ती घालवायला जास्तीचे ठिपके कामाला येतात. म्हणून तुमचं पीएसएसआर, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र काढून उरलेले ठिपके शिकवलेल्या यंत्रबुद्धीने अंदाजाने भरण्याची युक्ती, मी फोल ठरवणार नाही. १४४० रेषांच्या चित्रात सुमारे ३७ लाख ठिपके असतात, फोरकेमध्ये ८३ लाख. निम्म्याहून जास्त ठिपके पदरचे घालून चित्र खरं भासवायचं, हे काम कौतुकाचंच. 'फायनल फँटसी सात: रीबर्थ' हा गेम साध्या पीएस५वर वेगाच्या पर्यायात असा काही धूसर दिसायचा की चष्म्याचा नंबर वाढला की काय अशी शंका यावी. प्रोवर तो स्वच्छ दिसतो. इथे तुमची बाजू भक्कम आहे आणि मी ती मान्य करतो. मात्र 'सायलेंट हिल २'च्या नव्या आवृत्तीत सुरुवातीला याच युक्तीने पानापाचोळ्यात अशी लुकलुक आणली की लोकांनी साधंच यंत्र बरं म्हटलं, हेही त्याच वर्षातलं. आणि रीबर्थचा धूसरपणा हा त्या एका गेमचा दोष होता. तो निस्तरायला गिऱ्हाइकाने ७०० डॉलर घालावेत असं म्हणणं जरा अतीच होतं.

तुमचा स्वतःचा इतिहास या बाबतीत तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. १९८४ साली अटारीसाठी तुम्ही 'मार्बल मॅडनेस' बनवलात. विशीच्या आसपासचे होतात. एक गोटी, उतरती वाट, घड्याळाचा तगादा आणि मोजून सहा लेव्हल. त्या पडद्यावर ३३६ गुणिले २४० ठिपके होते, म्हणजे एकूण ८०,६४०. आजच्या फोरके पडद्यावर त्याच्या शंभरपट ठिपके आहेत. गोटी उतारावरून निसटायला लागली की पोटात जो गोळा येतो तो शंभरपट झाला का? पुढे ज्याच्या निर्मितीत तुमचा हात होता तो 'क्रॅश बँडिकूट' घ्या. १९९६ सालच्या त्या प्राण्याचं अख्खं शरीर पाचशेच्या वर थोड्याच त्रिकोणांत बसवलेलं होतं. म्हणून त्याचं डोकं मोठं, हातमोजे मोठे, भुवया मोठ्या, की कमी ठिपक्यांतही त्याचा वात्रटपणा कळावा. अडचणीतून आलेली ती शक्कल आजही ओळखीची आहे. पाचशे त्रिकोणांचे हजार केले तेव्हा शेंबड्या पोरालाही फरक कळत होता. पाच लाखांचे दहा लाख केले की तज्ज्ञ भिंग घेऊन बसतात आणि तरी भांडतात.

आणि २०१३ चा 'नॅक'? पीएस४सोबत आलेला, तुम्ही स्वतः दिग्दर्शित केलेला. नायकाचं शरीर शेकडो सुट्या तुकड्यांचं, प्रत्येक तुकडा वेगळा हलणारा, नव्या यंत्राची ताकद दाखवणारा. समीक्षकांनी त्याला काय दिलं ते मी इथे उगाळत नाही. ताकद दिसली, खेळ दिसला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

यंत्राची मागची पिढी सोडून पुढची का घ्यावीशी वाटत होती, ते जरा आठवू. पहिल्या प्लेस्टेशनने खेळाला खोली दिली: पडद्याच्या आत चालत जाता येऊ लागलं. पीएस२वर २००१ साली 'जीटीए थ्री' आला आणि अख्खं शहर हाती आलं, कुठल्याही गल्लीत गाडी घाला. त्याच यंत्रावर २००५ सालचा 'शॅडो ऑफ द कोलोसस' फ्रेमच्या बाबतीत इतका दमायचा की मोठा राक्षस हलला की चित्र ठेचकाळायचं. तरी त्या राक्षसाच्या पाठीवरचे केस धरून लोंबकळताना श्वास अडकायचा, कारण असं काही आधी कोणी करू दिलं नव्हतं. चित्र सुधारलं हे खरं, पण पैसे चित्राचे पडले नाहीत. पूर्वी जे करताच येत नव्हतं ते करता यायला लागलं, त्याचे पडले.

तुमचं स्वतःचं सगळ्यात मोठं काम मी त्यातच धरतो. १८ मार्च २०२० रोजी तुम्ही पीएस५वर जे सविस्तर बोललात, त्यात ग्राफिक्सच्या आधी एसएसडी होती. जुन्या यंत्रातली फिरती हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० मेगाबाइट वाचायची, म्हणून गेम बनवणाऱ्यांना नकाशात उगाच वळणावळणाचे बोळ काढावे लागायचे: खेळणारा बोळातून जातोय तोवर पुढचं मैदान मेमरीत भरून घ्यायचं. कित्येक गेममधली ती संथ लिफ्ट, ती सरपटत जायची कपार, हे सगळं खरं तर प्रतीक्षागृह होतं. पीएस५च्या एसएसडीने सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचायला सुरुवात केली आणि प्रतीक्षागृहं पडली. ज्या 'रॅचेट'च्या मिरवणुकीवर मी वर इतकं बोललो, त्याच गेममध्ये एका जगातून दुसऱ्या जगात डोळ्याची पापणी लवायच्या आत उडी मारता येते, ती या कामामुळे. ते बघितलं त्या दिवशी पीएस४ विकायला काढायला मला कोणी सांगावं लागलं नाही. कंट्रोलरचंही तसंच. धनुष्याची दोरी ओढताना ट्रिगर ताठरतो, वाळूवर चालताना तळहातात किरकिर होते. हे दिसत नाही, जाणवतं, आणि सात फुटांवरूनही तेवढंच जाणवतं.

आता प्रो. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे ग्राफिक्सच्या चिपमध्ये ६७ टक्के जास्त गणक, मेमरी २८ टक्के वेगवान, चित्र काढण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत जास्त. आणि मुख्य प्रोसेसर? तोच, जो २०२० च्या यंत्रात होता. हवं तर दहा टक्के जोरात पळेल, बस. गेमच्या जगातली माणसं काय विचार करतात, पहारेकऱ्याने तुमची चाहूल घेतली की नाही, बाजारातले शंभर लोक एकमेकांना धडकत नाहीत ना, हा सगळा संसार मुख्यतः त्या प्रोसेसरच्या जिवावर चालतो. म्हणजे मिरवणुकीतली मागची गर्दी आता स्पष्ट दिसते, पण ती पूर्वीइतकीच निर्बुद्ध आहे. नायकाने शेजारी बॉम्ब फोडला तरी टाळ्या वाजवत उभी. मला विचाराल तर तिचे चेहरे धूसरच राहू देत, तिला थोडी अक्कल द्या.

दुसरी गोम याहून मोठी. पीएस५चा कुठलाही गेम साध्या पीएस५वर चाललाच पाहिजे, फक्त प्रोसाठी म्हणून गेम निघणार नाही. धोरण योग्य आहे, आधीच्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडू नये. पण त्याचा सरळ अर्थ असा होतो की प्रोवर करता येईल आणि साध्यावर येणार नाही असं काहीही कधीच नसणार. भाच्याच्या वर्गात सध्या एकच चर्चा आहे, 'जीटीए सिक्स आला की प्रो लागणार.' त्या गेमच्या जाहीर झालेल्या यंत्रांच्या यादीत एक्सबॉक्स सिरीज एससुद्धा आहे, चार टेराफ्लॉपचं, साध्या पीएस५च्या निम्म्याहून कमी ताकदीचं. तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारला ते शहर त्या डबीत बसवायचंच आहे. तिथे बसलं की तुमच्या-आमच्या जुन्या यंत्रात ऐसपैस बसेल. वर्गातल्या पोरांनी खाऊचे पैसे जपून ठेवावेत.

नवे मोठे गेमच पुरेसे नाहीत म्हणून की काय, शिळ्या कढीला ऊत आणण्याचा धंदा जोरात आहे. 'द लास्ट ऑफ अस' २०१३ साली पीएस३वर आला. पुढच्याच वर्षी पीएस४साठी उजळून आला. २०२२ साली पीएस५साठी नव्याने घडवून आला. गेम अस्सल आहे, वादच नाही. पण तीन यंत्रांवर तीनदा तीच गोष्ट विकत घ्यायची, आणि दर वेळी दाढीचे केस आणखी मोकळे दिसतात म्हणून, याला काही अंत आहे की नाही? त्याउलट प्रोची ओळख करून देणाऱ्या तुमच्या भाषणाच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, तुमच्याच घरातला 'ॲस्ट्रो बॉट' बाजारात आला. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानातून निसटल्यासारखा इवलासा यंत्रमानव, कातडीवरची छिद्रं नाहीत, घामाचे थेंब नाहीत, साध्या पीएस५वर लोण्यासारखा पळतो. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम गेम तोच ठरला. त्याच यादीत पत्त्यांचा 'बलात्रो' होता, मुख्यतः एका माणसाने बनवलेला, जो कुठल्याही जुन्यापान्या फोनवर चालतो. भाव खाऊन गेलेले दोन्ही गेम प्रोशिवाय चालणारे, हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका.

किमतीचं बोलायलाच हवं. पीएस२ सन २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरला. १६ कोटींच्या वर यंत्रं खपली ती त्यामुळेही. उशिरा घेणाऱ्याला स्वस्त मिळायचं, हा या धंद्याचा जुना दिलासा होता. तुमच्या पीएस५ने उलटी गंगा वाहवली. २०२० साली ४९९ डॉलरचं यंत्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५४९ झालं, प्रो ६९९ वरून ७४९. त्यात डिस्क लावायचा ड्राइव्ह नाही, तो वेगळा ८० डॉलरचा. उभं करायचा पाट वेगळा ३० डॉलरचा. आमच्याकडे डिस्क म्हणजे फक्त डिस्क नसते. पाच हजाराच्या घरातला गेम चौघांत मिळून घ्यायचा, आळीपाळीने खेळायचा, संपला की दुकानात देऊन बदलून आणायचा, हे आमचं अर्थशास्त्र त्या खाचेवर उभं आहे. ड्राइव्ह काढलात की ते कोसळतं, आणि कोसळल्याचं तुमच्या तांत्रिक तक्त्यात कुठे दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हाला भारतात बसून एवढी तक्रार कशाला, आम्ही तर प्रो तिकडे पाठवलाच नाही. बरोबर. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो जगभर विकायला आला तेव्हा भारत यादीत नव्हता. कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. त्यात वायफाय ७ बसवलंय, ते ६ गिगाहर्ट्झची लहरपट्टीही वापरतं, आणि ती पट्टी भारतात तेव्हा घरगुती वापरासाठी मोकळी केलेली नव्हती. म्हणजे लाखो खेळणाऱ्यांपुढचा 'घ्यावं की न घ्यावं' हा प्रश्न ग्राफिक्सने सोडवलाच नाही, रेडिओच्या परवान्याने सोडवला. माझ्या घरी इंटरनेटची वायर यंत्राच्या मागे खोचलेली आहे. त्या वायफायशी माझा संबंध शून्य.

हौसेला मोल नसतं, त्यामुळे बाहेरून आणलेले प्रो लॅमिंग्टन रोडच्या वळणाच्या बाजारांत मिळू लागलेच. तेव्हा डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे नुसत्या अमेरिकी किमतीचे ५९ हजार, वर कर, वर आणणाऱ्याची कमाई, वर ड्राइव्ह. अधिकृत दुकानात साधा पीएस५ डिस्कसकट ५४,९९० ला होता. बाहेरून आणलेले प्रो विकणाऱ्या एका दुकानात मी उभा असताना एक तरुण विचारत होता, बिघडला तर? दुकानदार म्हणाला, "बिघडत नाही साहेब, सोनी आहे." वॉरंटीचं कार्ड काउंटरवर नव्हतं, आत्मविश्वास भरपूर होता.

पुण्याच्याच एका चमूची गोष्ट तुम्हाला कळावी म्हणून सांगतो. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, आणि आधी आला तो निनटेंडो स्विचवर, म्हणजे तुमच्या यंत्रापुढे ताकदीने लिंबूटिंबू असलेल्या डबीवर. पैसे मोजकेच, माणसं मोजकी. खरेपणाच्या शर्यतीत पळणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी पहाडी लघुचित्रांचे रंग घेतले आणि गोष्ट सांगायला छायाबाहुल्या घेतल्या. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. आमच्याकडच्या कुठल्याही नव्या चमूला विचारा, त्यांना ६७ टक्के जास्त गणकांची वाट बघायची नसते. गेम लावला की सगळ्यांकडच्या यंत्रावर सारखा चालावा, तपासायला यंत्रांची संख्या वाढू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. प्रोने त्यांच्या टेबलावर आणखी एक डबी वाढवली.

मला ओळखीतले विचारतात तेव्हा मी काय सांगतो ते तुम्हालाही सांगतो, म्हणजे पाठीमागे बोललो असं नको. पीएस४ असेल तर साधा पीएस५ घ्या, डिस्कवाला, डोळे मिटून; एसएसडीसाठी घ्या. पीएस५ असेल तर काही घेऊ नका. फारच हात शिवशिवत असतील तर टीव्ही बदला. आमच्याकडच्या स्वस्त टीव्हींवर एचडीआरचा स्टिकर असतो, पण पडद्यात तेवढा उजेडच नसतो. चांगल्या ओलेडवर जुनाच पीएस५ लावला की अंधाऱ्या गुहेतली मशाल बघून माणूस क्षणभर थबकतो, आणि तो पडदा सिनेमालाही कामाला येतो, क्रिकेटलाही. ६५ इंची उत्तम पडदा आधीपासून आहे, पाच फुटांवर बसता, 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये शेजारच्या गाडीच्या दारात आपल्या गाडीचं प्रतिबिंब बघायची हौस आहे आणि पैशांची ददात नाही, अशा माणसाने खुशाल प्रो घ्यावा. त्याला तो शोभेल. अशी माणसं मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्याकडे खेळायला जायला मला आवडतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही एएमडीच्या अधिकाऱ्यासोबत बसून पुढच्या चिपमधल्या कल्पना सांगितल्यात. प्रकाशाचा प्रत्येक किरण मोजणारे वेगळे गाभे, डेटा आवळून पाठवायची युक्ती, अंदाजाने ठिपके भरणारी आणखी हुशार यंत्रणा. सगळं अजून संगणकातल्या नमुन्यावरच आहे, प्रत्यक्ष यंत्र यायला काही वर्षं लागतील, असंही म्हणालात. म्हणजे आराखड्यावर अजून पेन्सिल फिरू शकते, म्हणून हे पत्र आत्ता. किरणांचे गाभे ठेवा, मी कोण नको म्हणणारा. पण सिलिकॉनचा तुकडा मर्यादित असतो आणि प्रत्येक चौरस मिलिमीटरवर तुम्हालाच निवड करावी लागते. त्यातला मोठा वाटा या वेळी प्रोसेसरला आणि मेमरीला द्या. गर्दीतल्या माणसाला कळू दे की मी काल याच चौकात त्याची हातगाडी उलटवली होती. डिस्कची खाच यंत्रातच ठेवा. आणि वायफाय, ब्लूटूथ, जी काय नवी लहर तुम्ही बसवाल ती, ज्या देशात परवाना नसेल तिथे सॉफ्टवेअरने बंद ठेवून यंत्र विकता येईल अशी तजवीज पहिल्याच आराखड्यात करा. पुढच्या वेळी नको म्हणायचं असेल तर ते आम्हाला दुकानात उभं राहून, समोर दोन टीव्ही लावून, स्वतः ठरवून म्हणू द्या.

कळावे.

आपला,
ज्याला पीएस५ अजून पुरतो असा एक मराठी गिऱ्हाईक